नेलेली माहिती गावाला परत करा!

होटगी आणि होटगी स्टेशनचे ग्रामस्थ, पालक आणि कॉलेजात जाणारी सगळी पोरंपोरी यांच्यासाठी जाहीर पत्रक

ग्रामस्थहो,

दरवर्षी सुगीच्या आगेमागे आपल्या गावात कॉलेजची पोरं येतात. गळ्यात ओळखपत्र, हातात छापील फॉर्म, एक जण मोबाइल धरून तयार. घरात माणसं किती, शौचालय आहे का, पाणी कुठून आणता, गॅस की चूल, मुलगी शाळेत जाते का. तुम्ही हातातलं काम टाकून उत्तरं देता. फॉर्म इंग्रजीत, विचारणारा मराठीत आणि सांगणारी आजी कन्नडमध्ये. मधे कुणीतरी शेजारची पोरगी उभी राहून दोन्हीकडचं इकडेतिकडे करते. चहा होतो. मग सगळ्यांना एका ओळीत उभं करून फोटो निघतो आणि पोरं सोलापूरची गाडी धरतात. पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजची येतात आणि तेच विचारतात.

त्या फॉर्मचं पुढे काय झालं, हे आपल्याला आजवर कुणी येऊन सांगितलंय का ओ?

मी त्याच पोरांतला एक आणि याच गावचा. फॉर्म भरून घेणाराही मीच आणि ज्यांच्या ओट्यावर बसून तो भरला जातो त्यांच्यातलाही मीच. म्हणून हे पत्रक काढतोय.

आधी नियम समजून घ्या, कारण तो पोरांनाही कुणी नीट सांगत नाही. नवीन शैक्षणिक धोरण 2020 चं. आपल्या राज्यात ते स्वायत्त कॉलेजांना 2023-24 पासून आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांना 2024-25 पासून लागू झालं. त्यात पदवीच्या विद्यार्थ्याला ‘कम्युनिटी एंगेजमेंट प्रोग्राम’ आहे, आम्ही त्याला सीईपी म्हणतो. दोन क्रेडिट. क्रेडिटमागे तीस, म्हणजे साठ तासांचा हिशेब. ते क्रेडिट नसेल तर पदवी अडते. राष्ट्रीय सेवा योजना, आपली एनएसएस, ती वेगळी: वर्षाला 120 तास, दोन वर्षांचे 240, आणि वर सात दिवसांचं निवासी शिबिर. एनएसएसला नाव घालायचं की नाही हे निदान आपल्या हातात असतं. सीईपीला ती सोय नाही.

साठ तास गावासाठी द्यायला माझी काही हरकत नाही. खेड्यातल्या पोराला साठ तास म्हणजे काय मोठं! प्रश्न हा आहे की त्यातले किती तास कामाला लागतात आणि किती पुराव्याला.

पुरावा म्हणजे काय ते ऐका. रोजचा हजेरीपट, त्यावर मार्गदर्शक सरांची सही. जिओटॅग फोटो, म्हणजे ज्याच्या कोपऱ्यात अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ उमटलेली असते तसा. फोटोत फ्लेक्स दिसला पाहिजे, फ्लेक्सवर कॉलेजचं नाव दिसलं पाहिजे, आणि सर असतील तर सर मधोमध. ग्रामपंचायतीचं पत्र, लेटरहेडवर, जावक क्रमांकासह, गोल शिक्क्यासह. लाभार्थ्यांचे अभिप्राय. पेपरात बातमी आली असेल तर कात्रण. मग अहवाल: प्रस्तावना, उद्दिष्टे, कार्यपद्धती, निष्कर्ष, सगळं टाइप करून, रंगीत प्रिंट काढून, स्पायरल बाइंडिंग करून. शिवाय ‘माय भारत’ पोर्टलवर नोंदणी करा असा वेगळा निरोप ग्रुपवर येतो. कधी ओटीपी येत नाही, तर कधी आधारवरचं आणि मार्कशीटवरचं नाव जुळत नाही.

यामुळे कामाची पद्धतच बदलली. मोबाइलची रेंज जाईल या भीतीने आधी फोटो होतो, मग झाडू हातात येतो. पुष्कळदा येतच नाही, कारण फोटो झालेला असतो. लेटरहेडच्या एका पत्रासाठी पंचायतीत खेपा घालाव्या लागतात. ग्रामसेवक (आता त्यांचं पद ग्रामपंचायत अधिकारी झालंय) दुसऱ्या गावाला गेलेले असले की काम उद्यावर. त्यांना मी दोष देत नाही. साक्षी-पुराव्याचं हे काम त्यांच्या गळ्यात कुणी आणि का घातलं, हे त्यांनाही माहीत नाही.

हा कागदांचा सोस आला कुठून, तेही सांगतो. कॉलेजांचं मूल्यांकन नॅक करते. नॅकच्या तिसऱ्या निकषात संशोधनाबरोबर विस्तारकार्य येतं. कॉलेज समाजासाठी काय करतं हे कागदावर दाखवावं लागतं. कॉलेजच्या अनुदानाचं, नावाचं, स्वायत्ततेचं गणित नॅक देते त्या श्रेणीशी बांधलेलं. म्हणून प्राध्यापक फोटोच्या मागे लागतात. त्यांनाही वर्गात शिकवायचं असतं. पण वर्ग घेतल्याचा जिओटॅग फोटो निघाला तरी त्याला विस्तारकार्य म्हणत नाहीत. सर मंडळींनो, हे पत्रक तुमच्या विरोधात नाही. तुम्हीही या फायलींखाली दबलेले आहात, फक्त तुम्हाला पगारी दबावं लागतं आणि आम्हाला पदरमोड करून.

पदरमोड हा शब्द उगाच वापरत नाही. फ्लेक्स, प्रिंट, बाइंडिंग, गाडीभाडं. ज्याचा बाप दुसऱ्याच्या शेतात जातो, जी पोरगी सुट्टीत शहरात टॉवेलच्या दुकानात उभी राहते, त्यांना विचारा हे पैसे कुठून येतात. आणि ज्याच्याकडे पैसे आहेत, ओळख आहे, त्याला हे काहीच करावं लागत नाही. मामाची संस्था असते, काकांचं ट्रस्ट असतं. बसल्या जागी साठ तासांचा दाखला घरपोच. आमच्याकडे मात्र गल्लोगल्ली उन्हात फिरल्याच्या खुणा असूनही ‘फोटोत फ्लेक्स वाकडा आलाय’ म्हणून अहवाल परत.

आता झाडांचं बोलू, कारण झाडं हा या सगळ्याचा लाडका कार्यक्रम आहे. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर, तोही बेभरवशाचा. रोप लावायचं जुलैत, ते बरोबर. पण रोप मरतं कधी? एप्रिल-मेमध्ये, सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडून बसतो तेव्हा. त्या दोन महिन्यांत आठवड्याला दोन कळशा घातल्या तर ते जगतं. आणि नेमक्या त्या दोन महिन्यांत आमची परीक्षा असते, सत्र संपलेलं असतं, तास भरलेले असतात, अहवाल जमा झालेला असतो. लावलेल्या रोपाला गुण आहेत, जगलेल्या रोपाला नाहीत. एप्रिलमध्ये कुणी पाणी घालायला गेलाच तर तो तास कुठल्याही हजेरीपटावर चढत नाही. ज्याने हा सत्राचा आराखडा आखला त्याने आपल्या तालुक्यातला उन्हाळा पाहिलेला नसणार. सात दिवसांच्या शिबिराचंही तसंच. ते बहुधा डिसेंबर ते फेब्रुवारीत. तेव्हा ज्वारी हुरड्यात नाहीतर काढणीला असते, घरातला प्रत्येक हात शेतात हवा असतो. गावातलं पोर स्वतःच्या रानातलं काम टाकून दुसऱ्या गावाच्या देवळापुढचं अंगण झाडायला जातं, आणि आई मजूर शोधत फिरते.

काम मोजायचंच असेल तर दुसरी रीत याच जिल्ह्यात होऊन गेली. बार्शी तालुक्यातलं सुर्डी 2019 च्या पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिलं आलं. एप्रिल-मेच्या उन्हात गाव श्रमदानाला उतरलं होतं. तिथे गुण मिळाले ते चर किती खणले, बांध कसे घातले, पाणी किती अडणार याला. माणूस किती वेळ उभा राहिला हे कुणी विचारलं नाही. चर टेप लावून मोजता येतो. खोटा चर दाखवायचा तरी खणावाच लागतो.

आणि सोलापूरच्या माणसाला सेवा शिकवायला क्रेडिट लागतं, हे मला पटत नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना बरोबर घेऊन तळं खोदलं, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. आजही संक्रांतीच्या गड्डा यात्रेला पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते उंचच उंच सात नंदीध्वज पेलत शहर पालथं घालतात. त्यांचा हजेरीपट कुणाकडे आहे? शिबिराच्या उद्घाटनात पाहुणे हे सगळं बोलतात, वर डॉक्टर कोटणीसांचं नाव घेतात, आणि भाषण संपलं की ‘सह्या केल्याशिवाय कुणी जाऊ नका’ अशी घोषणा होते.

सक्ती करावी की ऐच्छिक ठेवावं, हा वाद जुना आहे. 1948-49 च्या राधाकृष्णन आयोगाने विद्यार्थ्यांची राष्ट्रसेवा ऐच्छिक असावी असं सुचवलं. दहाएक वर्षांनी आपल्या चिंतामणराव देशमुखांच्या समितीने उलट सांगितलं: शाळा संपवून कॉलेजात जाऊ पाहणाऱ्यांना नऊ महिने ते एक वर्ष सेवा सक्तीची करा. खर्च परवडेना म्हणून ते बारगळलं. शेवटी 24 सप्टेंबर 1969 ला, गांधी शताब्दीच्या वर्षात, 37 विद्यापीठांत एनएसएस सुरू झाली, ती ऐच्छिक म्हणून. देशमुखांचं म्हणणं मान्य नसलं तरी त्यात एक सरळपणा होता. सक्ती म्हणजे सक्ती, आणि तिचा खर्च सरकारचा. आज सक्ती आहे, पण तिचा खर्च आमच्या खिशातून.

सक्तीला कायद्याची अडचण नाही, हेही मान्य करतो. संविधानाच्या कलम 23 ने वेठबिगारीवर बंदी घातली; त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात सार्वजनिक कारणासाठी सक्तीची सेवा लावायची मुभा राज्याला दिली, मात्र धर्म, वंश, जात, वर्ग यावरून भेद करायचा नाही या अटीवर. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम शहरातल्या शाळांनी साठ तासांचीच अट घातली होती. विद्यार्थी आणि पालक कोर्टात गेले, ही गुलामगिरी आहे म्हणाले, आणि 1993 मध्ये हरले. कॅनडात ओंटारिओ प्रांतात 1999 पासून बारावीच्या दाखल्यासाठी चाळीस तास लागतात. टोरांटोकडे ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांनी फोन करून विचारावं. तेव्हा कोर्टाची धमकी मी देत नाही. मी फक्त त्या अटीकडे बोट दाखवतो: वर्गावरून भेद नको. मामाची संस्था असलेला आणि नसलेला, हा वर्गभेद नाही तर काय?

आणखी एक. घरात अंथरुणाला खिळलेल्या आजोबांचं सगळं करणारी पोरगी, अडाणी शेजाऱ्यांचे पीकविम्याचे अर्ज मोबाइलवर भरून देणारा पोरगा, शाळेतल्या लहान भावंडांचा गल्लीत अभ्यास घेणारी ताई. यांचे तास कुणी धरत नाही, कारण तिथे फ्लेक्स नसतो. बाहेरच्या गावात जाऊन अनोळखी आजीला ‘आरोग्याची काळजी घ्या’ असं सांगितलं की ते मात्र समाजकार्य.

मग करायचं काय? रागावून फॉर्म फाडू नका. होटगीने एक साधी अट घालावी. आपल्या गावात सर्वेक्षण करायला, शिबिर घ्यायला कुणीही या, चहा मिळेल. पण जमवलेली माहिती आणि काढलेला निष्कर्ष ग्रामसभेत वाचून दाखवायचा, मराठीत आणि कन्नडमध्ये, आणि एक प्रत पंचायतीच्या दप्तरी ठेवायची. ती वाचून झाल्यावरच लेटरहेडवरचं पत्र. ग्रामसभा वर्षातून चार तरी घ्याव्याच लागतात, तेव्हा वेळ मिळत नाही ही सबब चालणार नाही. एकदा प्रत दप्तरी असली की पुढच्या वर्षी येणाऱ्याने तेच प्रश्न विचारायचे नाहीत, मागच्या वर्षीच्या उत्तराचं काय झालं ते शोधायचं. कुठल्या गल्लीत गटार तुंबलंय हे ज्या वहीत लिहिलंय ती वही होटगीतच असली पाहिजे. कामही ग्रामसभेने सांगावं. गावाला एप्रिलमध्ये पाणी घालणारे हात हवे असतील तर तास एप्रिलमध्ये धरा.

कॉलेजांकडे आणि विद्यापीठाकडे मागणं एवढंच: अहवाल हाताने लिहिलेला चालेल असं लेखी कळवा, फ्लेक्सची अट काढा, खर्च विद्यार्थ्यावर टाकू नका, आणि स्वतःच्या गावात, स्वतःच्या गल्लीत केलेलं काम ग्रामसभेने खरं म्हटलं तर ते मान्य करा.

जुने अहवालही सोडायचे नाहीत. विद्यापीठ आणि अनुदानित कॉलेजं माहितीच्या अधिकारात येतात. दहा रुपये फी आहे, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. ‘होटगी गावात केलेल्या सर्वेक्षणांच्या अहवालांच्या प्रती मिळाव्यात’ एवढंच लिहायचं. महाराष्ट्रात अशा अर्जाला 150 शब्दांची मर्यादा आहे. सरकारला आमच्याकडून इतकं थोडक्यात ऐकायला आवडतं, हे अहवाल टाइप करताना कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा असा अर्ज सरपंचांकडे देणार आहोत. सह्या लागतील. सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, गाडी आली की, स्टेशनबाहेर आम्ही पोरं कागद घेऊन उभी असू. सही मराठीत करा, कन्नडमध्ये करा, अंगठा चालेल. फोटो काढणार नाही.

– होटगीचा एक विद्यार्थी, बी.ए. तृतीय वर्ष