टिकाऊ म्हणजे काय? – एका जुन्या गाडीच्या निमित्ताने

मराठी साहित्याच्या वर्तुळात जुन्या वस्तूंविषयी जितके हळवे होऊन बोलले जाते, तितके अन्यत्र क्वचितच बोलले जात असेल. आजीची पितळी भांडी, आजोबांची सायकल, वडिलांची चेतक यांवर ललित लेखांचे रतीब घातले जातात; आणि ते रतीब घालणारे आम्ही सारे दर पाच-सहा वर्षांनी हप्त्यावर नवी गाडी घेतो. या विसंगतीकडे आजवर आम्हीही काणाडोळाच केला. परंतु नळदुर्ग परिसरात तासिका तत्त्वावर मराठी शिकवणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याने 'आयुष्यभर पुरेल अशी जुनी मोटारसायकल कोणती घ्यावी?' असे एका चर्चेनंतर विचारले, तेव्हा जमलेल्या ज्येष्ठांनी त्याची जी थट्टा केली, ती ऐकून मौन सोडणे भाग पडले. एक म्हणाले, "जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याची कटकट विकत घेणे." दुसरे म्हणाले, "घ्यायचीच तर बुलेट घ्या सर, रुबाब तरी राहील." आमच्या मते दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि दोन्ही एकाच कारणाने चुकीची आहेत.

आधी प्रश्नाचे गांभीर्य पाहू. नळदुर्गहून सोलापूर सुमारे ४५ किलोमीटर. तुळजापूर आणि उमरगा या दोन दिशांना जावे तरी दिवसाची रपेट चुकत नाही. दोन महाविद्यालयांतील तासिका गाठायच्या तर एसटीच्या वेळा जुळत नाहीत. तासिका तत्त्वावरील नेमणूक एका शैक्षणिक वर्षापुरती. मानधन घेतलेल्या तासांचे, आणि तेही दरमहा हाती येईल याची शाश्वती नाही. अशा माणसाने पाच वर्षांचे वाहनकर्ज घ्यावे असे सुचवणारे लोक त्याला गाडी सुचवत नाहीत, मिंधेपणा सुचवतात. हप्ता डोक्यावर असलेला माणूस प्राचार्यांपुढे किती स्पष्ट बोलेल, हे आम्हांस कोणी नव्याने सांगण्याची गरज नाही. जुन्या गाडीचा प्रश्न हा म्हणूनच काटकसरीचा नाही. तो स्वाधीनतेचा आहे.

आता पहिले उत्तर. 'दुसऱ्याची कटकट' ही भीती खरी आहे. परंतु ती जुन्या वस्तूची भीती नसून आमच्या पारखण्याच्या अज्ञानाची आहे. याच मराठवाड्यात दोन पिढ्यांपूर्वीचा अक्षरशत्रू शेतकरी बाजारात बैल घेताना दात पाहत असे – दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला. खूर पाहत असे, चालवून पाहत असे, औताला जुंपून पाहत असे. हेडी रुमालाखाली बोटे धरून भाव करी, पण बैलाची परीक्षा उघड्या उन्हात होई. तेथे नवा बैल आणि जुना बैल असा भेद नव्हता. कामाचा आणि बिनकामाचा असा होता. ही परिभाषा आम्ही गमावली आणि तिच्या जागी कंपनीचे माहितीपत्रक ठेवले.

संहितेचे सूक्ष्म वाचन शिकवणाऱ्यांना तरी ही विद्या अवघड वाटू नये. मीटरवरील आकडा हे केवळ विधान आहे, आणि ते फिरवता येते. ब्रेकच्या पायट्यावरचे झिजलेले रबर, फूटरेस्ट, मुठी हे पुरावे आहेत. विधान आणि पुरावा जुळत नसतील तर आम्ही ग्रंथाविषयी जे म्हणतो तेच गाडीविषयी म्हणावे. इंजिन थंड असताना, सकाळी, आपल्यासमोर सुरू करायला लावावे. आधीच तापवून ठेवलेले इंजिन बरेच काही लपवते. निळसर धूर म्हणजे आत ऑइल जळते आहे, पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं गेली आहेत, 'हाफ इंजिन'चे काम दारात उभे आहे. चासीवर वेल्डिंगचा डाग दिसला तर अपघाताचा इतिहास विचारावा. चासी व इंजिनचे क्रमांक आरसीशी ताडावेत, कर्जाचा बोजा उतरला आहे का पाहावे, आणि नमुना २९ व ३० भरून नोंदणी आपल्या नावे करून घ्यावी. 'पुढे बघू' म्हणणारा विकणारा आणि घेणारा दोघेही अडचणीत येतात. यात कोठे आले गूढ? एका सकाळीत शिकता येण्याजोगी ही गोष्ट आम्ही शिकलो नाही, एवढेच.

दुसरे उत्तर अधिक फसवे आहे, कारण ते जुन्याच्या बाजूने बोलते. बुलेट असो वा चेतक, येथे वस्तूची नव्हे, आठवणीची शिफारस चालली आहे. १९७२ साली आलेली चेतक एका घरात वीस-वीस वर्षे राहिली हे खरे. परंतु परवान्यांच्या त्या काळात नोंदणी केल्यावर स्कूटर मिळायला वर्षे लागत, याचा विसर का पडावा? जी वस्तू पुन्हा मिळणार नाही ती माणूस जपतोच. क्यूबात १९५९च्या क्रांतीआधीच्या अमेरिकी मोटारी आजही धावतात. पर्यटकाला त्यात सौंदर्य दिसते, चालवणाऱ्याला सुट्या भागांची टंचाई. टंचाईला तत्त्वज्ञान समजण्याची चूक आम्ही करणार नाही. शिवाय टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलसोबत ऑइलही जाळते; त्या निळ्या धुराच्या आठवणीने ज्यांचा गळा दाटून येतो, त्यांनी तो धूर रोज गिळणाऱ्या चौकातल्या माणसाचा विचार करावा. जुनी चेतक बंद झाली. २०२० साली त्याच नावाची विजेवरची स्कूटर बाजारात आली. नाव राहिले, यंत्र बदलले. स्मरणरंजन नेमके या नावालाच वस्तू समजते.

नव्याचे भक्त म्हणतात टिकाऊपणा कारखान्यात तयार होतो, आणि जुन्याचे भक्त म्हणतात तो एके काळी कारखान्यात तयार होत असे. दोघांच्याही चुकीचे मूळ हेच, की टिकाऊपणा धातूत असतो असे ते मानतात. आम्हांस हे मान्य नाही. टिकाऊपणा तीन ठिकाणी असतो: सुटा भाग मिळणाऱ्या दुकानात, दुरुस्त करणाऱ्या हातात आणि वापरणाऱ्याच्या सवयीत. यांपैकी एक तुटले की उत्तमातली उत्तम गाडी भंगार होते.

म्हणून त्या सहकाऱ्याला आमचे उत्तर साधे आहे. ज्या गाडीत कमीत कमी पाठभेद झाले ती घ्या. १९९४ साली आलेली शंभर सीसीची स्प्लेंडर पाहा. जिच्या नावात दोन कंपन्या होत्या ती भागीदारी संपली, २०११ साली कंपनीचे नाव बदलले, पण ९७.२ सीसीचे ते चार-स्ट्रोक इंजिन मूळ रचनेत टिकून राहिले; त्यामुळे तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि महामार्गाकडेच्या कोणत्याही मेस्त्रीचा हात तिच्यावर बसलेला असतो. एप्रिल २०२०पूर्वीची, कार्बोरेटर असलेली घेतली तर बिघाड शोधायला संगणकही लागत नाही. हे एका कंपनीचे गुणगान नव्हे. उद्या दुसऱ्या गाडीचे भाग नळदुर्गच्या रस्त्यावर अधिक सहज मिळाले तर आमचे मत तिला. मग ठरल्या अंतराने ऑइल बदलावे, चेन-स्प्रॉकेट संच एकत्र बदलावा, टॅपेटचा आवाज ऐकायला कान शिकवावा. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तेव्हा जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर यांवरही लक्ष ठेवावे.

दोन आक्षेप प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजेत. जुन्या गाडीचे ब्रेक नव्या गाडीइतके सुरक्षित नसतात. वेग कमी ठेवणे आणि हेल्मेट घालणे हाच त्यावर उपाय, आणि तो पुरता उपाय नव्हे. दुसरा आक्षेप कायद्याचा. पंधरा वर्षांनी गाडी भंगारात जाते हा गैरसमज आहे. खासगी गाडीची तपासणी होऊन नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. परंतु दुचाकीच्या या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२मध्ये ३०० रुपयांवरून १,००० झाले, आणि ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांवरील दुचाकीसाठी २,००० करण्यात आले. तपासणी कठोर असावी, धूर ओकणारी गाडी रस्त्यावरून हटवावी, याला आमचा पाठिंबा आहे. पण तपासणीत उत्तीर्ण झालेल्या गाडीला केवळ जन्मसालाबद्दल दंड का? बैलाचे दात मोजणारा शेतकरीसुद्धा शेवटी त्याला चालवूनच निर्णय घेत असे.

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळात बांधलेला बंधारा आहे, त्याच्या पोटात पाणीमहाल. सन १६१३चे ते काम पाहून 'त्या काळी दगडच तसा होता' असे म्हणत आमच्या सहली परततात. परंतु नुसता दगड पुराला पुरून उरत नाही. बंधाऱ्याला वाढलेले पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटा आहेत. त्यांनाच आपण नर-मादी धबधबे म्हणून हौसेने पाहतो. त्या वाटा बुजल्या तर दगडाचे काय होईल, याचा विचार सहलीत कोणी करत नाही.

रॉबर्ट पर्सिग यांचे मोटारसायकलच्या देखभालीवरचे पुस्तक १९७४ साली आले. त्यातील निवेदकाचा मित्र गाडी आवडीने चालवतो, पण तिच्या दुरुस्तीकडे वळूनही पाहत नाही. आमच्यापैकी अनेकांच्या कपाटात ते पुस्तक आहे. प्लगपाना कितीजणांच्या डिकीत आहे? त्या तरुण सहकाऱ्याची थट्टा करण्याआधी ज्येष्ठांनी एवढे करावे: त्याच्यासोबत एका सकाळी गाडी पाहायला जावे, आणि इंजिन थंड आहे ना, हे स्वतः हात लावून पाहावे.