एकटें तांबडें घर

ज्याच्या हातांस ३५ वर्षें खडू लागला, त्यास पेस्टल हा चित्रप्रकार परका वाटत नाहीं. शुद्ध रंगाची पूड, थोडी पांढरी माती आणि नांवापुरता डिंक, एवढ्याचीच ती कांडी. खरखरीत कागदाच्या रंध्रांत रंगाचे कण नुसते अडकून राहतात. त्यामुळेंच चित्रांतला उजेड मखमलीसारखा मऊ दिसतो. आणि त्यामुळेंच बोट लागलें कीं चित्र पुसलें!

आमच्या पुतण्यानें दक्षिण स्वीडनमधील स्मोलांद प्रांतांतून असें एक चित्र आणलें आहे. वेळ जून महिन्यांतील रात्रीची. आपल्याकडे घटकाभरांत विरून जाणारा संधिप्रकाश तेथें त्या दिवसांत पहाटेपर्यंत रेंगाळतो. फिकट जांभळें आकाश, बर्च वृक्षांचीं पांढरीं खोडें, शेताच्या कडेस दगडांचा गडगा आणि मध्यें एक तांबडें घर. हा तांबडा रंग फालून येथील तांब्याच्या खाणींतील लोहयुक्त मातीचा. राय नांवाच्या धान्याचें पीठ व पाणी घालून तो शिजवितात. खाण १९९२ सालीं बंद पडली, रंग अद्याप निघतो.

थोरल्या सूनबाईंनीं विचारलें, "एवढ्या रानांत घर एकटेंच कां?" प्रश्न मार्मिक आहे. पूर्वीं तेथेंही घरें गांवठाणांत दाटीनें असत आणि एकेकाची जमीन अनेक पट्ट्यांत विखुरलेली असे. १८२७ च्या कायद्यानें ते पट्टे एकत्र होऊं लागले आणि पुष्कळांस आपलें लांकडी घर उतरवून नव्या शेतांत उभारावें लागलें. शेती सुधारली, शेजार मात्र गेला. आपल्याकडे मुंबई प्रांतांत १९४७ सालीं तुकडेजोडीचा कायदा झाला, पण तो शेतजमिनीपुरता. वाटण्यांच्या कज्ज्यांत मुरलेल्या आपल्या घराण्यांनीं ही तुलना अवश्य करावी.

पुढें १८६७ ते १८६९ हीं नापिकीचीं वर्षें आलीं. स्मोलांदची जमीन मुळांतच खडकाळ. गडग्याचे ते दगड पिढ्यान् पिढ्या शेतांतून वेंचून काढलेले आहेत. १८५० ते १९३० या काळांत सुमारें १३ लक्ष स्वीडिश माणसें देश सोडून गेलीं, बहुतेक अमेरिकेस. त्यांत स्मोलांदचीं फार. चित्रांत एकही मनुष्य नाहीं, याचें मला मग नवल वाटलें नाहीं. खिडकींत तेवढा पिवळ्या खडूचा एक ठिपका आहे. इतक्या उजेडांत दिवा कशास, असें धाकटी नात विचारते.

असें चित्र चौकटींत बसवितांना कांच कागदास टेंकूं देऊं नये. मध्यें जाड पुठ्ठ्याची पट्टी घालावी. आम्हीं तें ओल येणाऱ्या भिंतीवरून काढून माजघरांत लावलें आहे.