ज्येष्ठांचा नवा सूर

साठी ओलांडलेल्या आशा भोसले यांनी उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडून पारंपरिक चिजा शिकून १९९६ साली त्यांच्यासमवेत ‘लेगसी’ ही ध्वनिमुद्रिका काढली. तिला ग्रॅमीचे नामांकनही लाभले. चित्रपटगीतांच्या कीर्तीवर विसंबून राहण्याचे त्यांनी नाकारले, हे महत्त्वाचे.

नागपूरने वसंतराव देशपांडे आणि सुरेश भट यांच्या नावे सभागृहे उभारली, ते उचितच झाले. परंतु वसंतरावांचे गाणे आज ऐकू येते ते ध्वनिमुद्रणामुळे, सभागृहामुळे नव्हे. हयात ज्येष्ठ कलावंतांच्या वाट्याला मात्र बहुधा शाल आणि श्रीफळच येते. सत्कारांवरील खर्चातला काही वाटा त्यांच्या नव्या ध्वनिमुद्रणासाठी संयोजकांनी राखून ठेवावा. गळा थकल्यावर केलेल्या हळहळीला काय अर्थ?