सप्रेस केलेल्या पायरीची नातीही दाखवा



आपल्या शाळांमधून गेलेले बरेच विद्यार्थी पुढे आयटीआयला किंवा डिप्लोमाला जातात आणि तिथे संगणकावर कॅड शिकतात. प्राथमिकच्या शिक्षकाने कॅडवर कशाला बोलायचं, असं कुणी म्हणेल. पण यातला एक मुद्दा चौथीच्या गणिताइतकाच आपल्या जवळचा आहे.

सॉलिडवर्क्ससारख्या पॅरामेट्रिक सॉफ्टवेअरमध्ये वस्तूचं नुसतं चित्र नसतं. वस्तू कोणत्या पायऱ्यांनी बनली, ते क्रमाने एका यादीत दिसतं. त्या यादीला ट्री म्हणतात आणि प्रत्येक पायरीला फीचर. गंमत म्हणजे इथेही पालक आणि मूल असतात! एक फीचर दुसऱ्याच्या आधाराने काढलं, की आधार देणारं 'पॅरेंट' आणि आधार घेणारं 'चाइल्ड'.

साधं उदाहरण घेऊ. पेन्सिली ठेवायचा डबा करायचा आहे. आधी ८० × ६० × १०० मिमीचा ठोकळा. मग त्याच्या बाहेरच्या उभ्या कडा गोल केल्या. मग वरून आत पोकळी केली. शेवटी पोकळीच्या तळावर वर्तुळ काढून आरपार भोक पाडलं. आता पोकळी 'सप्रेस' केली, म्हणजे न पुसता तात्पुरती बंद ठेवली, तर काय होईल? गोल कडा तशाच राहतात, कारण त्यांचा आधार ठोकळा आहे. भोक मात्र पोकळीबरोबर आपोआप सप्रेस होतं, कारण ज्या तळावर ते काढलं तो तळच उरला नाही. तेच वर्तुळ ठोकळ्याच्या खालच्या बाजूवर काढलं असतं, तर भोक टिकलं असतं. दोन्ही डबे दिसायला मात्र अगदी सारखे!

आता ट्रीमध्ये दोन नावं करडी दिसतात. त्यातलं आपण कोणतं बंद केलं आणि कोणतं त्याच्यामागून गेलं, हे करड्या रंगावरून कळत नाही. नवशिक्या विद्यार्थ्याला वाटतं, करडं म्हणजे नको असलेलं, टाका पुसून. इथेच घोळ होतो. सप्रेस केलेलं फीचर झोपलेलं असतं, संपलेलं नसतं. मॉडेल हलकं करायला किंवा एकाच वस्तूचे दोन प्रकार ठेवायला ते मुद्दाम झोपवलेलं असतं आणि त्याची नाती तशीच असतात.

ही नाती बघायची सोय आहे. सॉलिडवर्क्समध्ये फीचरवर राइट क्लिक करून 'पॅरेंट/चाइल्ड' निवडलं, की दोन याद्या दिसतात: हे कोणावर अवलंबून आणि याच्यावर कोण अवलंबून. परत जागं करताना 'अनसप्रेस विथ डिपेंडंट्स' निवडलं, तर मागून गेलेली फीचर्सही परत येतात. फ्रीकॅड तर मोफत आहे. त्याच्या टूल्स मेनूत 'डिपेंडन्सी ग्राफ' आहे, तो सगळी नाती बाणांनी दाखवतो. त्यासाठी ग्राफविझ वेगळं बसवावं लागतं, एवढंच.

माझं म्हणणं असं, की सप्रेसचं बटण शिकवायच्या आधी ही यादी उघडायला शिकवावी. बंद करण्याआधी वहीत दोन ओळी लिहाव्यात: काय बंद करतोय आणि त्याच्यासोबत काय जाणार. म्हणजे नंतर करड्या नावांचा अर्थ लावत बसावं लागत नाही.

काही जण म्हणतात, आधी आकार तर काढू दे, नाती नंतर बघू. मला हे पटत नाही. नंतर एखादं माप बदलता यावं, यासाठीच तर पॅरामेट्रिक पद्धत आहे. नाती कच्ची असतील, तर एक माप बदलल्यावर खालच्या पायऱ्या कोसळतात आणि मग तास न् तास दुरुस्तीत जातात.

शाब्दिक उदाहरणात आपण नुसतं उत्तर बघतो का? नाही, पायऱ्यांना गुण देतो. दुसरी पायरी खोडली तर तिसरी कशाच्या जोरावर उभी राहणार, हे चौथीतल्या मुलालाही समजतं. मग कॅडच्या प्रात्यक्षिकात नुसत्या तयार आकाराला गुण का द्यायचे? ट्री उघडून एक फीचर सप्रेस करावं आणि विद्यार्थ्याला विचारावं, "आता आणखी काय जाईल? का?" त्या उत्तराला गुण असावेत.

पालकहो, मुलाने घरी मॉडेल दाखवलं तर "छान दिसतंय" म्हणाच. पण सोबत एवढंही विचारा, "यातलं काय कशाच्या आधारावर उभं आहे?"