वर्गणीदाराला वाली कोण?

कंपन्या एकत्र येतात तेव्हा भागधारकांची सभा भरते, सावकारांची संमती घेतली जाते. वर्गणीदाराला मात्र कोणी विचारीत नाही. अमेरिकेत 2008 च्या जुलैत सिरियस व एक्सएम या दोन उपग्रह-रेडिओ कंपन्यांचे विलीनीकरण झाले. मूळ वर्गणी तीन वर्षे वाढवू नये, अशी अट सरकारने घातली. तरीही नोव्हेंबरात श्रोत्यांच्या आवडीच्या कित्येक वाहिन्या गळाल्या, आणि 2009 च्या मार्चमध्ये घरातील प्रत्येक जादा संचाची वर्गणी दोन डॉलरांनी वाढली. तेथे निदान अट तरी होती! आपल्याकडे वर्ल्डस्पेसची सेवा 31 डिसेंबर 2009 रोजी बंद पडली, आणि आगाऊ पैसे भरणाऱ्या रसिकांच्या घरी मुका संच तेवढा उरला.

या गोष्टी परक्या म्हणून कोपरगावकरांनी सोडून देऊ नयेत. आकाशातून येणाऱ्या दूरचित्रवाणीचा व्यवहारही असाच आगाऊ पैशांवर चालतो. 2018 च्या मार्चमध्ये डिश टीव्ही व व्हिडिओकॉन डीटूएच एक झाल्या. छपरावरची छत्री तीच राहिली, धनी बदलला. उद्या तक्रार उद्भवली, तर शे-दोनशे रुपयांसाठी अहिल्यानगरच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा उंबरठा कोण झिजविणार?

बँक बुडाल्यास ठेवीदाराला 5 लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. आगाऊ वर्गणी हीदेखील ग्राहकाची ठेवच होय. कंपनीचे भांडवल नव्हे. ती निराळ्या खात्यात राहावी, आणि कबूल केलेली सेवा बदलताच उरलेली रक्कम न मागता परत मिळावी. विलीनीकरणास मंजुरी देताना सरकारने ही अट घातलीच पाहिजे.