थर्मामीटर कोणाच्या हातातून गेला?

काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर लगेच आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावातील प्रतिष्ठितांनी रदबदली केली, दोन रुपये फी ठरली, तेव्हा तो आला. पण आत पाऊल टाकले नाही. ओल्या बाळंतिणीलाच वस्तीबाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि आला त्याच वाटेने तो डॉक्टरकडे परत गेला. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनिया असल्याचे सांगितले. ती माऊली वाचली नाही. शिक्षकाने पत्र लिहून ही हकिगत कळवली. १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त ती छापली गेली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये नोंदवून ठेवली. नोंदवताना वृत्तपत्राचे नाव आणि तारीख द्यायला ते विसरले नाहीत.

त्या रात्री केसपेपर लिहिला गेला असता तर त्यावर काय आले असते? ताप इतका, आजार न्यूमोनिया. आकडा अगदी बरोबर आला असता. पण थर्मामीटर कोणाकोणाच्या हातातून गेला, हे त्या आकड्यात कोठेच दिसले नसते. रुग्णसेवेच्या क्षेत्रात ज्याला गुणात्मक संशोधन म्हणतात, ते थर्मामीटरच्या या प्रवासाचा शोध घेते. रुग्णाला ताप किती, हे संख्या सांगते. रुग्णाशी माणूस म्हणून वर्तन झाले की नाही, हे जाणून घ्यायचे तर त्याच्याजवळ बसून ऐकावे लागते.

आज आपल्या समाजातील असंख्य मुली आणि मुले नर्सिंगचे शिक्षण घेत आहेत. एम.एस्सी. नर्सिंगला प्रबंध लिहावा लागतो. त्यात शिकवण्यापूर्वीची आणि शिकवल्यानंतरची प्रश्नावली भरून घ्यायची, गुणांची तुलना करायची, असा ठरलेला साचा फार दिसतो. एखादी विद्यार्थिनी म्हणाली की, मला बाळंतिणींच्या मुलाखती घ्यायच्या आहेत, तर तिला विचारले जाते, "पंधरा बायकांच्या गप्पा म्हणजे काय संशोधन?" हा प्रश्न उर्मटपणाचा असला तरी निरर्थक नाही. पंधरा बायकांच्या गप्पा हे संशोधन नव्हेच. त्या गप्पांचे संशोधन केव्हा होते, याची कसोटी आपल्याला सांगता आली पाहिजे.

ही कसोटी जगात कोणी शोधलीच नाही, असे नाही. इव्होना लिंकन आणि ईगॉन गुबा यांनी १९८५ मध्ये अशा संशोधनासाठी चार निकष मांडले. निष्कर्ष सांगणाऱ्यांच्या अनुभवाला धरून आहेत का? ते दुसऱ्या ठिकाणी लागू पडतील की नाही, हे ठरवण्याइतका तपशील दिला आहे का? काम कसे झाले याचा माग ठेवला आहे का? आणि निष्कर्ष मिळालेल्या माहितीतून आले आहेत की संशोधकाच्या मनातून? पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, अमेरिकेतील नर्सिंगच्या विदुषी मार्गारेट सॅन्डेलोव्स्की यांनी नर्सिंगमधील गुणात्मक संशोधनाच्या काटेकोरपणाचा प्रश्न स्वतंत्रपणे हाती घेतला. मात्र १९९३ मध्ये त्यांनीच इशारा दिला की, काटेकोरपणाचा अट्टाहास इतका होऊ नये की त्यात संशोधनाचा जीवच जाईल.

त्यानंतर तपासणीच्या याद्या निघाल्या. ब्रिटनमधील 'कॅस्प'ची १० प्रश्नांची यादी, ऑस्ट्रेलियातील जोआना ब्रिग्ज संस्थेची १० प्रश्नांची यादी, २००७ मध्ये आलेली 'कोरेक'ची ३२ मुद्द्यांची यादी. या याद्या उपयोगी आहेत, पण यादी म्हणजे न्याय नव्हे. मेरी डिक्सन-वूड्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्तनपानाच्या मदतीविषयीचे १२ शोधनिबंध सहा परीक्षकांनी तीन पद्धतींनी तपासले. त्यांच्यात एकमत झाले ते अगदीच थोडे. खुणा करून दर्जा ठरत नाही, तपासणाऱ्याला डोके चालवावेच लागते, हाच त्याचा अर्थ. त्यामुळे शोधनिबंध हाती आल्यावर आपण काय विचारावे, ते साध्या भाषेत सांगणे आम्हाला आवश्यक वाटते.

पहिला प्रश्न : विचारणारा कोण होता? वॉर्डात काम करणारी सिस्टर गणवेश घालून खाटेजवळ गेली आणि तिने विचारले, "तुम्हाला येथे सेवा कशी मिळते?" तर रुग्ण काय सांगणार? उद्याचे इंजेक्शन तिच्याच हातात आहे. तो म्हणेल, "सगळं चांगलं आहे, बाई." मग प्रबंधात लिहिले जाते, रुग्ण समाधानी आहेत. कॅस्पच्या यादीतील सहावा प्रश्न संशोधक आणि सांगणारा यांच्या नात्याविषयी आहे. जोआना ब्रिग्जच्या यादीतील सहावा प्रश्न संशोधक कोणत्या सांस्कृतिक किंवा वैचारिक भूमिकेतून पाहतो, याविषयी आहे. कोरेकच्या यादीत मुलाखत घेणाऱ्याचे शिक्षण, व्यवसाय, लिंग विचारले आहे. जात विचारलेली नाही. ती यादी करणारे सिडनीचे होते, त्यांना ते सुचले नाही यात नवल नाही. पण त्याच यादीत मुलाखतकाराची वैशिष्ट्ये आणि त्याचे पूर्वग्रह सांगण्यास जागा ठेवलेली आहे. भारतात ती जागा कोरी सोडणे म्हणजे अर्धी माहिती दडवणे होय.

दुसरा प्रश्न : कोणाला विचारले आणि कोणाला वगळले? बहुतेक निबंधांत एक मंत्र असतो : 'नवीन माहिती मिळणे थांबले, म्हणून मुलाखती थांबवल्या.' २००६ मध्ये गेस्ट आणि सहकाऱ्यांनी घाना व नायजेरियातील ६० स्त्रियांच्या मुलाखती तपासून दाखवले की, बहुतेक मुद्दे पहिल्या १२ मुलाखतींतच आले होते. झाले! बारा हा आकडा जणू कायदाच झाला. परंतु बऱ्याच अंशी सारख्या असलेल्या गटापुरतीच ती गोष्ट होती, हे सोयीस्करपणे विसरले गेले. एकाच थरातील बारा जणींना विचारले तर माहिती लवकर संपणारच. तेराव्या खाटेवरची ऊसतोड कामगार बाई, भाषा न समजल्यामुळे गप्प बसलेली आदिवासी बाई, उपचार अर्धवट टाकून निघून गेलेली बाई यांना विचारले का? संख्या कमी असणे हा दोष नाही. कोण सुटले हे न सांगणे हा दोष आहे.

तिसरा प्रश्न : सांगणाऱ्याच्या तोंडच्या शब्दांपासून निष्कर्षापर्यंतची वाट दिसते का? समजा, एक बाई म्हणाली, "दुसऱ्यांच्या हातात गोळी देतात, माझी टेबलावर ठेवतात." प्रबंधात याचे 'संवादाचा अभाव' असे इंग्रजी शीर्षक झाले तर? गोळी टेबलावर ठेवणे हा संवादाचा अभाव नव्हे, तो स्पर्शाचा नकार असू शकतो. मुलाखत वऱ्हाडीत होते, टिपण मराठीत होते, प्रबंध इंग्रजीत होतो. 'विटाळ' या शब्दाचे इंग्रजीत नुसते 'मासिक पाळी' झाले की त्यातील सारा अपमान धुऊन निघतो. म्हणून मूळ बोलीतील वाक्ये दिली आहेत का, भाषांतर कोणी केले आणि ते कोणी तपासले, हे पाहिलेच पाहिजे.

या कसोट्यांकडे लक्ष दिले तर काय साधते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. दिल्लीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ दलित स्टडीजने २०१० मध्ये डॉ. संघमित्रा आचार्य यांचा गुजरात व राजस्थानातील दलित मुलांच्या आरोग्यसेवेविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नुसते 'भेदभाव होतो का?' असे विचारून भागवले नाही. भेदभाव कोठे होतो, घरभेटीत की केंद्रात? कोणाकडून होतो? आणि कोणत्या रूपात होतो, स्पर्शात, औषध देण्यात, बोलण्यात की दिलेल्या वेळात? दलितेतर मुलांनाही विचारले. प्रश्नाची अशी फोड केल्यावर उत्तर उडवून लावणे कठीण जाते.

आणि असे संशोधन कपाटातच पडून राहते, हाही भ्रम आहे. २०१५ मध्ये मेगन बोहरेन आणि सहकाऱ्यांनी ३४ देशांतील ६५ अभ्यास एकत्र करून बाळंतपणात स्त्रियांना मिळणाऱ्या वाईट वागणुकीचे प्रकार मांडले. मारहाण, शिवीगाळ, दुर्लक्ष यांबरोबर भेदभाव हाही त्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बाळंतपणातील सेवेच्या शिफारशी केल्या, त्यात सन्मानाची वागणूक ही शिफारस आहे आणि तिच्यामागे स्त्रियांच्या अनुभवांचे असे अभ्यास आहेत. बायकांच्या 'गप्पा' जगाच्या नियमांपर्यंत पोहोचतात, पण त्या नीट ऐकल्या, नीट नोंदवल्या आणि नीट तपासल्या तरच.

आता चौथा प्रश्न, आणि तो आम्ही आपल्याच बांधवांना विचारतो. उलट जाणारे उदाहरण शोधले का? आपला एखादा विद्यार्थी रुग्णालयातील भेदभावावर प्रबंध लिहितो, तेव्हा आपण तो न वाचताच टाळ्या वाजवतो. ज्या मुलाखतीत रुग्णाने "त्या सिस्टरने मला आईसारखं पाहिलं" असे सांगितले, ती मुलाखत त्याने गाळली असेल तर? उद्या विरोधक तेवढीच एक मुलाखत पुढे करतील आणि उरलेल्या चौदा खऱ्या मुलाखतींवर पाणी फिरेल. जो निष्कर्ष आपल्याला हवासा वाटतो, त्याचीच तपासणी अधिक कठोरपणे झाली पाहिजे. प्रस्थापितांचे कच्चे संशोधन खपून जाते, कारण सत्ता त्याच्या पाठीशी उभी असते. आपल्या संशोधनाच्या पाठीशी फक्त पुरावा उभा असतो. तो लंगडा असेल तर आपण कोणाच्या आधाराने उभे राहणार?

म्हणून नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे की, मुलाखती जरूर घ्या. पण आपण कोण आहोत हे लिहा. कोणाला विचारू शकलो नाही, हे लिहा. बोलीतील शब्द जसेच्या तसे जपा. रोजची टिपणवही ठेवा, म्हणजे तुमच्या निष्कर्षाची वाट दुसऱ्याला पुन्हा चालून पाहता येईल. रुग्णाचे नाव-गाव मात्र उघड होऊ देऊ नका. मार्गदर्शक प्राध्यापकांनी 'नमुना लहान आहे' म्हणून प्रबंध परत पाठवण्यापूर्वी वरचे चार प्रश्न विचारावेत. आणि चळवळीच्या कार्यकर्त्यांनी भाषणात एखाद्या अभ्यासाचा दाखला देण्यापूर्वी तो मुळातून वाचावा.

काठियावाडातील त्या शिक्षकाजवळ तपासणी यादी नव्हती. मात्र कोणाच्या हातातून काय गेले, हे त्याने क्रमाने आणि न वाढवता लिहिले. म्हणूनच त्याची साक्ष अजून कोणाला खोटी पाडता आलेली नाही. आपल्या मुलींच्या हातात आज थर्मामीटरही आहे आणि लेखणीही आहे. पाऱ्याचा आकडा त्या लिहितीलच. थर्मामीटर कोणाच्या हातातून गेला, हेही त्यांनी तितक्याच काटेकोरपणे लिहावे, एवढीच अपेक्षा आहे.