पहिला साप बरणीत नको

तरुण मित्रमैत्रिणींनो, आणि त्यांच्या आईवडिलांनो,

पाऊस लागला आहे. घोणशींची पिल्लं जन्मताहेत, नागाची अंडी फुटताहेत, बिळांत पाणी शिरल्याने मोठे सापही उघड्यावर येताहेत. या दिवसांत आम्हा सर्पमित्रांना एक प्रश्न हमखास येतो. "दादा, पहिल्यांदाच साप पाळायचाय. सुरुवातीला कोणता बरा?"

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. शेतातला, अंगणातला, ओढ्याकाठचा कुठलाही साप उचलून घरी आणू नका. आणला असेल तर आज, आत्ता, वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.

गेल्या पावसाळ्यात दहावीतल्या एका मुलाने मला घरी बोलावलं. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे त्याने बिस्किटांची प्लॅस्टिकची बरणी लपवली होती. झाकणाला तापवलेल्या सुईने पाडलेली भोकं, तळाशी ओली माती, कडेला बाटलीच्या बुचात दूध. "अजगराचं पिल्लू आहे, दादा. एकदम शांत. काल हातावर घेतलं होतं." आत वीतभर लांबीचं पिल्लू वेटोळं करून बसलं होतं. पाठीवर साखळीसारखे ओळीने लंबगोल ठिपके, प्रत्येकाला काळी किनार, डोकं त्रिकोणी. बरणी जराशी हलली तसं ते अंग फुगवून सुस्कारे टाकू लागलं. ती घोणस होती. अजगराचं पिल्लू अंड्यातून बाहेर पडतं तेव्हाच हातभर असतं, आणि घोणशीच्या पिल्लाला जन्मल्या दिवसापासून विष असतं. हे सांगितल्यावर तो मुलगा काही बोलला नाही. त्याने उजवा तळवा शर्टाला पुसला, मग पुन्हा एकदा पुसला.

तो वाचला. दर वेळी असंच होईल, या भरवशावर कुणी राहू नये.

नवशिक्याची चूक नेमकी इथेच होते. आपल्याकडे माणसं दगावतात ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांमुळे, आणि या चारांतल्या तिघांसारखे दिसणारे दुसरे साप आपल्याच परिसरात आहेत. घोणस अजगराच्या पिल्लासारखी आणि दुरक्या घोणशीसारखी भासते. फुरसं आणि मांजऱ्या यांच्यात गफलत होते. मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांच्यात तर फारच. मण्याराचे पांढरे पट्टे मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक असतात, कवड्याचे उलटे. पुस्तकात हे सोपं वाटतं. पिल्लांमध्ये आणि रात्रीच्या अंधारात हा फरक वर्षानुवर्षं साप हाताळणाऱ्यालाही चकवतो. मोबाइलवर फोटो टाकून आलेल्या उत्तरावर आपला हात पणाला लावू नका.

दुसरं कारण कायद्याचं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे आणि त्यातली मोठी दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. नाग, घोणस, धामण आणि अजगर आता पहिल्या अनुसूचीत आहेत. यांच्याबाबतच्या गुन्ह्याला किमान ३ आणि कमाल ७ वर्षं तुरुंगवास आहे, शिवाय किमान २५,००० रुपये दंड. "मी मारला नाही, जिवापाड सांभाळला" हा बचाव चालत नाही. पकडणं आणि जवळ ठेवणं हाच गुन्हा आहे. मांडुळाच्या बाबतीत तर दुप्पट सावध राहा. हा गरीब, बिनविषारी साप आखूड बोथट शेपटीमुळे दुतोंड्या ठरला आणि गुप्तधनाच्या अफवांनी त्याच्या जिवाचा बाजार मांडला. "पाळायला सोपा आहे" म्हणून कुणी मांडूळ देऊ केलं, तर तो माणूस तस्कर आहे असंच समजा.

तिसरं कारण मला सर्वांत जवळचं आहे. मी अकरावीत होतो तेव्हा एक धामण लाकडी पेटीत ठेवली होती. पुढे बारीक जाळी, आत फांदी, पाण्याचं भांडं. मला वाटायचं, हिला सगळं दिलंय. ती रात्रंदिवस जाळीवर नाक घासत राहिली. चौथ्या दिवशी नाकाची खवलं सोलवटून खालचं मांस दिसू लागलं. उंदीर टाकला, तिने ढुंकूनही पाहिलं नाही. दहाव्या दिवशी मी ती जिथून आणली त्याच बांधावर सोडली. ती गेली तेव्हा तोंड अजून लालच होतं. साप ओरडत नाही, कण्हत नाही. त्यामुळे त्याचे हाल आपल्याला "शांत स्वभाव" वाटतात. बुचातलं दूधही असंच. साप दूध पीत नाही. तहानेने व्याकूळ झालेला जीव समोर येईल ते द्रव ओढतो आणि त्याला दूध पाजण्याला आपण भक्ती म्हणतो. आणि ज्या शेतातून धामण उचलली, तिथे उंदरांना मोकळं रान मिळतं. नुकसान शेतकऱ्याचं होतं.

आता तुम्ही विचाराल, मग परदेशी साप? बॉल पायथन तर लोक राजरोस पाळतात. खरं आहे, काही परदेशी जाती कायद्याने बाळगता येतात. पण कागदांशिवाय नाही. बॉल पायथन वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंद केंद्राच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, आणि तो दुसऱ्याला दिला किंवा त्याला पिल्लं झाली तरी कळवावं लागतं. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या पुड्यांमध्ये कोंबलेले बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक सापडले होते. "कागद नंतर देतो" म्हणणाऱ्याकडचा साप अशाच वाटेने आलेला असू शकतो. आपण पैसे मोजले की पुढची पुडी भरली जाते.

आणि कागद चोख असले तरी स्वतःला काही गोष्टी विचारा. हा पश्चिम आफ्रिकेतला साप माणसाच्या घरात २० ते ३० वर्षं जगतो. आज तुम्ही अठराचे असाल तर चाळिशी उलटेपर्यंत तो तुमच्यावर अवलंबून राहील. कॉलेज, नोकरी, लग्न, बदली, या सगळ्यांत त्याला कोण बघेल? पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश सेल्सिअस तापमान कायम ठेवावं लागतं. भारनियमनाच्या दिवशी काय कराल? घरच्या फ्रीजरमध्ये मेलेले उंदीर ठेवायला आई हो म्हणेल? हा साप कधीकधी महिनोन् महिने अन्न नाकारतो, तेव्हा सापांचं जाणणारा पशुवैद्य तुमच्या तालुक्यात आहे? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर "बघू" असेल, तर घेऊ नका. ज्यांनी आधीच घेतला आहे त्यांनी नोंदणी करा. आणि जड झाला म्हणून तो टेकडीवर नेऊन सोडू नका. तिथे एकतर तो मरेल, नाहीतर इथल्या जिवांना रोग देईल.

ज्यांच्या घरी आत्ता बरणी, पेटी किंवा पिशवी आहे, त्यांनी एवढंच करावं. झाकण उघडू नका. साप दुसऱ्या भांड्यात काढू नका. शेवटचा फोटो म्हणून हातावर घेऊ नका. बरणी सावलीत, मुलांच्या हाताबाहेर ठेवा आणि १९२६ ला फोन करा. चावला असेल, किंवा चावल्याची नुसती शंका असेल, तर १०८ ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठा. अंगठी, घड्याळ, कडं काढा, चावलेला हातपाय हलवू नका. जखम कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका. मण्याराचा दंश कित्येकदा दुखतही नाही. खूण दिसत नाही, सूज नसते, पोट दुखतं, पापण्या जड होतात आणि मग श्वास अडकतो. प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर चालतं, मात्र ते वेळेत मिळायला हवं.

आईवडिलांना कळकळीची विनंती. पोराने साप आणला हे कळल्यावर आधी ओरडू नका. ओरडा बसेल या भीतीनेच बरणी टाकीमागे जाते आणि दंशही लपवला जातो. तो लपवण्यात गेलेला एक तास जिवावर बेततो. "मला सांगितलंस हे बरं केलंस" एवढं वाक्य आधी म्हणा, बाकीचं उद्या बोला.

सापाची ओढ वाईट नाही. मीही त्याच ओढीने इथवर आलो. ती ओढ तशीच ठेवा, फक्त पहिला साप निराळ्या रीतीने निवडा. आपल्या गावात दिसणारा एकच साप घ्या, समजा धामण. तिची चाल, तिचं खाणं, अंडी घालण्याचा काळ, वस्तीपासूनचं अंतर, सगळं वहीत टिपा, दहा पावलं लांबून. १९८६ पासून चालू असलेल्या, पुण्यातल्या कात्रजच्या सर्पोद्यानात जा, काचेपलीकडचा नाग आणि घोणस तासभर नुसते बघा. वनविभागाकडे नोंद असलेल्या अनुभवी सर्पमित्रासोबत राहा, त्याची पिशवी धरण्याआधी त्याची भीती शिका. वर्षभरात तुम्ही गावातल्या दहा घरांना सांगू शकाल की हा बिनविषारी आहे, मारू नका, जाऊ द्या. पहिला साप निवडणं म्हणजे मी एवढंच समजतो.

त्या दहावीतल्या मुलाकडे आता वही आहे. परवा त्याने फोन केला, विहिरीजवळ पट्ट्यापट्ट्यांचा साप आहे म्हणाला. मी विचारलं, कवड्या की मण्यार? तो म्हणाला, "ओळखत नाही, दादा. म्हणून लांब उभा आहे."

तुम्हीही आज एवढं करा. लांब उभे राहा, आणि फोन करा.

आपला,
एक सर्पमित्र